मिठाचा हिशेब: पाकट आणि कुरव

पाकट (पंखांसारखे रुंद कल्ले असलेला चपटा मासा, इंग्रजीत रे) आणि कुरव (सीगल पक्षी) यांच्यात पंखांच्या आकाराखेरीज काही साम्य नाही, आणि खरं उडणं फक्त कुरवाचंच, असं कुणी म्हणेल. माझ्या मते एक आहे, आणि ते मिठाचं.

आपल्या किनाऱ्यावरचा ठिपकेवाला गरुड-पाकट आणि हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव घ्या. दोघांनाही खाऱ्या पाण्यात जगायचंय. कुरव समुद्राचं पाणी पिऊ शकतो, कारण जादा मीठ डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी गाळून काढतात. मग ते खारट पाणी नाकपुड्यांतून चोचीवर ओघळतं. जेट्टीवर बसलेला कुरव मधूनच डोकं झटकतो, तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं.

पाकटाची युक्ती वेगळी. तो रक्तात भरपूर युरिया साठवतो. त्यामुळे शरीरातलं पाणी समुद्राकडे ओढलं जात नाही. एवढा युरिया प्रथिनांना बाधला असता, पण त्यावर उतारा म्हणून आणखी एक रसायन सोबत असतं. राहिलेलं जादा मीठ काढायला त्यालाही ग्रंथी आहेच, फक्त ती आतड्याच्या शेवटाला! एकाची डोक्यात, दुसऱ्याची पार मागे. दोन्ही स्वतंत्रपणे घडलेल्या.

शिळ्या पाकटाला किंवा मोरीला (लहान शार्कला) अमोनियाचा उग्र वास येतो तो याच युरियामुळे. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून आमच्याकडे पाकट ताजंच घ्यायचं, नाहीतर सुकवलेलं.

उडण्याबद्दल मात्र ते म्हणणं बरोबर. गरुड-पाकट पाण्याबाहेर झेप घेतो खरा, पण लगेच आपटतो. हा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून इथवर येतो.