मदत हवी आहे: रविवारी मॉन्सल ट्रेल, घरच्यांसोबत. किती वेळ लागेल?

चिमणचारा (शुक्रवार, रात्री)
रविवारी मॉन्सल ट्रेलला (इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमधली) जायचं ठरलंय. जुनी रेल्वेलाईन उखडून केलेली वाट आहे, सपाट आहे, घरच्यांना झेपेल असं कळलं. साडेआठ मैल, म्हणजे पावणेचौदा किलोमीटर. किती वेळ लागेल एवढंच सांगा. दोन दिवस विचारतेय, कोणी तीन तास म्हणतं, कोणी अख्खा दिवस. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय, प्लीज.

मैलाचा_दगड
साडेआठ मैल एका बाजूचे. ही वाट गोल फिरून मूळ जागी येत नाही, गेलात तसंच परत यायचं. टोक गाठलंत तर सतरा मैल. "घरचे" म्हणजे कोण? मुलं केवढी? गाडी कुठे लावणार?

चिमणचारा
अरे देवा, परतीचं धरलंच नव्हतं. मुलगा चार वर्षांचा. बाकी सगळे मोठे.

चाकोरी
चालताय कशाला? सायकली घ्या. ट्रेलवरच्या हॅसॉपच्या जुन्या स्टेशनला भाड्याने मिळतात, लहान मुलासाठी मागे जोडायची गाडीही असते. आम्ही दरवर्षी असंच करतो. चालत जाणाऱ्यांना अर्धी वाट बघायलाच मिळत नाही.

गारवा
बूट मात्र जाड तळव्याचे घ्या. नवे असतील तर आधी घरात घालून फिरा. आणि दोन मोजे, एकावर एक.

मैलाचा_दगड
गारवा, ही वाट बारीक खडीची, दाबून घट्ट केलेली आहे. व्हीलचेअर चालते तिथे, साधे बूट पुरतात. चाकोरी, त्यांनी सायकल विचारलेलीच नाही. चिमणचारा, गाडी कुठे लावणार ते राहिलं.

चिमणचारा
मॉन्सल हेडला, दरीच्या वरच्या काठावर. तिथून खालच्या जुन्या रेल्वेपुलाचा फोटो काढायचा, मग खाली उतरून चालायला लागायचं. आई येणार आहेत (सासूबाई), त्यांना तो पूल बघायचाच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेत, पण घरात व्यवस्थित चालतात.

खालची_आळी
थांबा! हे आधी सांगायला हवं होतं. मॉन्सल हेडवरून ट्रेलवर उतरणारी वाट चांगलीच उभी आहे. ट्रेल सपाट आहे, तिथवर जाणं सपाट नाही. माझ्या वडिलांना मी तिथूनच उतरवलं होतं. उतरताना ते बोलले नाहीत, पण परत चढताना दर दहा पावलांवर माझा दंड धरून थांबत होते. तो हात अजून आठवतो. आईंना तिथून नेऊ नका.

जुनी_रूळवाट
सहमत. "सपाट" म्हणजे काय तेही समजून घ्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जोराच्या चढाला घसरतं, म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर फोडून, दरीवर पूल टाकून चढ शंभराला एखाद्या मीटरच्या आसपास ठेवायचे. पायाला तो जाणवत नाही, पण पूर्वेच्या टोकाच्या बेकवेल गावाकडून पश्चिमेला जाताना वाट बराच वेळ चढतीच आहे. दमलेलं पोर परतताना उताराला असावं, असं बघा.
ही लाईन १९६८ साली बंद झाली, ट्रेल १९८१ चा. तरी मोठे बोगदे २०११ पर्यंत बंदच होते. त्या काळी आम्ही प्रत्येक बोगद्याला वरून वळसा घालायचो, चिखलातून. तेव्हा हिला घरच्यांची वाट कोणी म्हटलं नसतं.

चिमणचारा
बोगदे?? मुलगा अंधाराला फार घाबरतो.

चाकोरी
चार मोठे आहेत, प्रत्येक साधारण ४०० मीटर. दिवसा दिवे असतात. सायकलवर दोन मिनिटांत पार.

खालची_आळी
चार वर्षांच्या पावलांनी सात-आठ मिनिटं. दिवे असले तरी आत गार असतं, छतातून थेंब टपकतात. स्वेटर हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. टॉर्च त्याच्याच हातात द्या. भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत, गाडी आली की कामगार त्यात सरकायचे. ते मोजायला सांगा.

गारवा
दिवे आहेत तर टॉर्च कशाला?

खालची_आळी
त्याच्या हातात काहीतरी आपलं असावं म्हणून.

इतिहासप्रेमी
ही लाईन आली तेव्हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने दरीचं वाटोळं झालं म्हणून कडाडून टीका केली होती. आज लोक त्याच दरीतला तोच पूल बघायला येतात. खरं तर इथे पुन्हा रेल्वे सुरू व्हायला हवी.

जुनी_रूळवाट
आणि ही आजी-नातवंडं कुठे चालणार? त्यासाठी वेगळा धागा काढा.

मैलाचा_दगड
मुद्द्यावर येऊ. ट्रेलवरच्या मिलर्स डेलच्या जुन्या स्टेशनला गाडी लावा. तिथेच टॉयलेट आहे, ट्रेल पार्किंगच्या पातळीवर आहे, स्टेशनजवळच नदीवर दोन पूल शेजारी शेजारी आहेत, दुसरा १९०५ चा. पूल बघून पश्चिमेला ची टॉरच्या बोगद्याकडे वळा, म्हणजे जाताना हलका चढ, येताना उतार. टोक गाठायचं नाही, घड्याळ बघायचं. पाऊण तास पुढे, मग मागे. मॉन्सल हेडचा पूल आईंना शेवटी गाडीने जाऊन वरूनच दाखवा.

चाकोरी
तरी सायकल...

चिमणचारा (रविवार, रात्री)
तसंच केलं. आई पूल बघून बोगद्याच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या, नवऱ्याबरोबर सावकाश मागे फिरल्या. मी आणि मुलगा पुढे. बोगद्याच्या तोंडाशी त्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मग पहिला कोनाडा दिसला. टॉर्च आत मारून "इथे कोणी नाही" म्हणाला आणि पुढच्या कोनाड्याकडे स्वतःच निघाला. प्रत्येकात डोकावून बघितलं, एकही सोडला नाही. सगळं मिळून अडीच तास लागले. संध्याकाळी मॉन्सल हेडला आई कठड्याला हात टेकून बराच वेळ उभ्या होत्या, खालची वाट बघितली आणि म्हणाल्या, "बरं झालं गं, इथून नाही नेलंस."
खालची_आळी, तुमचे खास आभार.