मदत हवी आहे: पाच पंपांची एकच लाईन, तार बदलायचा खर्च कसा वाटायचा?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. ६३ केव्हीएच्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) ओढ्याच्या कडेने ६०० मीटर लघुदाब लाईन आहे. तार स्क्विरल, म्हणजे बारीक जातीची. दर १२० मीटरवर एक पंप. डीपीकडून क्रमाने अ ५ एचपी, ब ५, क ३, ड साडेसात, इ ५. एकूण २५.५ एचपी.

सगळे पंप चालू असताना डीपीखाली ४०० व्होल्ट मिळतात. अ कडे ३९०, इ च्या स्टार्टरवर ३६८. इ चा ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर गेले की मोटार बंद करणारा) सारखा पडतो.

ठेकेदाराने ६०० मीटर रॅबिट (जाड) तार टाकून द्यायचे मजुरीसह १,८०,००० रुपये सांगितले आहेत. म्हणजे १२० मीटरच्या टप्प्याला ३६,०००. इ म्हणतो पाच सारखे वाटे करा. अ म्हणतो, माझं व्होल्टेज बरं आहे, मी का देऊ? ड ला एचपीवर वाटणी नको. रीतसर हिशोब कसा लावतात?

तारमोजणी
वाटणीच्या आधी कामच कमी करा. सहाशे मीटर बदलायची गरज नाही.

५ एचपीला साधारण साडेसात अँपिअर, म्हणजे एचपीला दीड. पहिल्या टप्प्यातून सगळ्यांचे मिळून ३८ अँपिअर जातात, शेवटच्यातून एकट्या इ चे साडेसात. स्क्विरलचा रोध किलोमीटरला १.३७६ ओहम, रॅबिटचा ०.५५. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर स्क्विरलवर व्होल्टेजची घट टप्प्यानुसार अशी येते: १०.३, ८.३, ६.३, ५.१ आणि २.० व्होल्ट. बेरीज ३२. तुमचं मोजमाप हिशोबाशी जुळतंय, म्हणजे जोडांमध्ये फार काही वाया जात नाहीये.

पाचही टप्पे रॅबिट केले तर घट साडेपंधरावर येते. पहिले तीनच केले तर १९ वर. शेवटच्या दोन टप्प्यांचे ७२,००० रुपये इ ला जेमतेम साडेतीन व्होल्ट देणार. ते सोडा. काम १,०८,००० चं धरा.

आता वाटणी. ज्या टप्प्यातून ज्याची वीज जाते, त्या टप्प्याचा खर्च त्यांनीच आपापल्या एचपीच्या प्रमाणात उचलायचा. पहिला टप्पा २५.५ एचपीवर, दुसरा २०.५ वर (अ गळला), तिसरा १५.५ वर (ब गळला).

अ – ७,०५९
ब – १५,८३९
क – १६,४७१
ड – ४१,१७८
इ – २७,४५२

सारखे वाटे केले असते तर प्रत्येकी २१,६०० आले असते. अ ला स्वतःला फक्त पाच व्होल्ट वाढवून मिळणार, त्याच्याकडून एवढे मागणं वाजवी नाही. पण शून्यही नाही, कारण पहिल्या टप्प्यात त्याचेही साडेसात अँपिअर आहेत.

शिवारातला वायरमन
हिशोब बरोबर, पण घाई नको. आधी फुकटचा उपाय करून बघा. ड आणि इ ने पाळी लावायची. ड बंद असला की ४८० मीटरवरून सव्वाअकरा अँपिअर उतरतात आणि इ ला १२ व्होल्ट वाढून मिळतात. लाखभर खर्चून मिळणार तेरा! आठ तासांच्या पुरवठ्यात चार-चार तास वाटून घेता येतात का, ते दोघांनी बसून ठरवावं. ड च्या पिकाला ते पुरत नसेल तरच तारेकडे वळा.

दुसरं, ऑटो स्टार्टर. वीज आली की पाचही मोटारी एकदम उठतात, सुरू होताना पाच-सहा पट अँपिअर ओढतात आणि व्होल्टेज आणखी बसतं. प्रत्येकाच्या ऑटोला वेगळा टायमर लावा: इ ला ० सेकंद, ड ला ३०, क ला ६०, असं उलट्या क्रमाने. टोकाची मोटार लाईन मोकळी असतानाच उठली पाहिजे.

आणि लाईन वीज कंपनीची आहे. खांबावर स्वतः चढू नका, कोणाला चढवूही नका. उपविभागात लेखी अर्ज, मंजूर अंदाजपत्रक, परवानाधारक ठेकेदार आणि देखरेख शुल्क (अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के) एवढं झाल्याशिवाय तार उतरवायची नाही. तुमच्या पैशाने झाली तरी लाईन त्यांच्याच ताब्यात राहते. पुढे सहावा पंप जोडायचा की नाही हे तुमच्या हातात नाही. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने किती द्यायचं ते आत्ताच आपसात लिहून ठेवा. टप्प्यांचा हिशोब नव्या एचपीसह पुन्हा मांडायचा, तारेच्या किमतीत दर वर्षाला ठरावीक टक्के घट धरायची. ५०० च्या मुद्रांकावर पाचही सह्या.

ओढ्याकाठचा
धन्यवाद दादा. पाळीचं ड ला सांगून बघतो. दोन शंका. कॅपॅसिटर लावून भागेल का? आणि ठेकेदार म्हणतो, खर्च बिलातून वळता होईल. खरं का?

तारमोजणी
कॅपॅसिटर जरूर लावा, ५ एचपीला २ केव्हीएआर (कॅपॅसिटरचं माप). डीपीवरचा भार साधारण सोळा टक्क्यांनी उतरेल. पण तुमच्या तारेत रोध जास्त आणि रिअॅक्टन्स (एसी विजेला होणारा दुसरा अडथळा, कॅपॅसिटरचा फायदा त्यावरच) कमी, त्यामुळे इ ला जेमतेम तीन व्होल्ट वाढतील. कॅपॅसिटर डीपीखाली लावला तर तेवढेही नाहीत. तो मोटारीपाशीच हवा.

बिलाचं म्हणाल तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. जिथे बिलच शून्य, तिथे वळतं कशातून करणार? लेखी मंजुरी आणि रोख परताव्याची पद्धत कागदावर दिसेपर्यंत तो पैसा गेला असंच धरून वाटणी करा.

आणखी एक. नियमाने ४१५ व्होल्टमध्ये सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे किमान ३९० मिळायला हवेत. तुमच्या डीपीखालीच ४०० आहेत. तिथले पंधरा व्होल्ट तुमच्या तारेमुळे जात नाहीत, त्याची तक्रार वेगळी करा. या आकाराच्या बहुतेक डीपींना टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) नसतो, त्यामुळे तिथे वाढवून घ्यायचा मार्ग नाही. मागच्या लाईनवरचा किंवा डीपीवरचा भार कमी करावा लागेल.

शिवारातला वायरमन
काम झालंच तर ३६० मीटरचा खांब नीट बघा. रॅबिट किलोमीटरला २१४ किलो, स्क्विरल ८५. एका बाजूला जड तार आणि दुसऱ्या बाजूला हलकी, म्हणजे खांब डीपीकडे ओढला जाणार. तिथे तार तोडून दोन्हीकडे शेवट बांधायचा आणि इ च्या बाजूला ताण (खांब ओढून धरणारी जमिनीत रोवलेली तार) द्यायचा. जोड पीजी क्लँपने (दोन तारा आवळून धरणारी पकड). पिळून बांधलेला जोड वर्षभरात काळा पडतो आणि मिळालेलं व्होल्टेज तिथेच खातो.

वाटणीला बिलावरची एचपी घेऊ नका. टाँग टेस्टरने (तारेभोवती धरून मोजायचं यंत्र) प्रत्येकाचे अँपिअर मोजा, पाचही पंप पाणी ओढत असताना.

ओढ्याकाठचा
मोजले. चौघांचे ठीक. क चे ७.२ अँपिअर भरले. बिलावर ३, विहिरीत ५ ची मोटार!

तारमोजणी
मग एकूण २७.५ एचपी झाले. तीन टप्प्यांचे भाजक २७.५, २२.५ आणि १७.५. नवी वाटणी:

अ – ६,५४५
ब – १४,५४५
क – २४,८३१
ड – ३७,२४७
इ – २४,८३१

घट ३२ पेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त यायला हवी होती. मोजलं त्या दिवशी क चा पंप चालू होता का, ते विचारा. आणि तार बदलायचा अर्ज देण्याआधी क ने भारवाढीचा अर्ज द्यावा. अंदाजपत्रक मंजूर भारावर बनतं, तो चुकीचा असला तर सगळे कागद परत फिरतात.