अवजारांच्या जुन्या दुकानाचा इतिहास: बिलबुकं आणि लोखंडावरून साल कसं काढायचं?

बांधावरचा: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नांगर, इंजिनं आणि पुढे ट्रॅक्टर विकणारं दुकान होतं. पाटीवर 'स्थापना १९३८'. माळ्यावर बिलबुकं, रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), दोन लोखंडी नांगर आणि एक ५ एचपीचं इंजिन आहे. बऱ्याच बिलांची तारीख वाळवीने खाल्लीय. कोणती एजन्सी साधारण कधी आली, हे यातून निघेल का?

खतावणी: पाटीवरचं साल सगळ्यात शेवटी धरा. ते पेढीचं असतं. आधी भुसार, सायकली, काहीही विकत असतील. किर्लोस्करांची सुरुवातसुद्धा १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली.

रुपये-आणे-पै असे तीन रकाने म्हणजे छपाई १ एप्रिल १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' छापलेलं असेल तर १९५७ ते ६४ मधली. पण इथेच लोक फसतात. छापलेली बुकं कोण फेकतो? ती संपेपर्यंत वापरत. म्हणून आत हाताने लिहिलेला आकडा बघा. रुपयाचे आणे सोळाच, म्हणून आण्याच्या घरात १६ किंवा त्याहून मोठा आकडा आणि पै चं घर कोरं, तर ते पैसेच. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर छपाई ऑगस्ट १९७२ नंतरची.

रोजकीर्दीत विक्रम संवत असेल तर दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत २०१४ चा माघ म्हणजे १९५८ ची सुरुवात.

फाळ-पाते: नांगराची कंपनी फाळावरून ठरवू नका. फाळ झिजतो, बदलतो, दुसऱ्याच कारखान्याचा बसतो. मूळ ओतीव भागावर उठलेली अक्षरं शोधा. तारेचा ब्रश लावलात तर राहिलेलं नावही जाईल. रॉकेलचा बोळा फिरवा, कोरडं पुसा, वरून खडू फासा आणि अंधारात बॅटरी आडवी धरा. तुमच्या पट्ट्यात किर्लोस्करवाडीचा (१९१०) माल होता, तसा साताऱ्याच्या कूपरचाही (१९२२). आणि माळ्यावर नांगर सापडला एवढ्यावरून एजन्सी होती असं लिहू नका, जुन्याच्या बदल्यातही आलेला असेल.

इंजिनावर 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' असेल तर ते १९४६ नंतरचं, कारण कंपनीच तेव्हाची. पंप, नोझल बदलतात. रिव्हेटची पाटीसुद्धा दुसऱ्या इंजिनाची निघते. पाटीवरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर ताडून बघा.

सातबारा_उतारा: दुकानाबाहेरचा पुरावाही घ्या. गिऱ्हाइकांच्या जमिनीच्या गटांचे जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) तलाठ्याकडून नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. तगाई (शेतकऱ्याला दिलेलं सरकारी कर्ज) किंवा भूविकास बँकेचा बोजा 'इंजिनाकरिता' असा चढलेला असेल, तर साल पक्कं. ट्रॅक्टरचं बिल १९५९ च्या आधीचं निघालं तर तो माल आयातीचा. आयशरचा पहिला ट्रॅक्टर त्या वर्षी फरीदाबादेत बनला. डिलिव्हरी चलनावर जिल्ह्याच्या पेढीचं नाव दिसलं तर गावचं दुकान बहुधा सब-डीलर होतं, दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

बांधावरचा: एका बुकात आण्याच्या घरात ५०, ७५ आहेत, पै कोरी. त्याच बुकाच्या पहिल्या पानांवर मात्र ८, १२.

खतावणी: मग ते बुक १ एप्रिल १९५७ च्या दोन्ही बाजूंना पसरलंय. आकडा जिथे बदलतो त्या बिलाचा नंबर टिपून ठेवा आणि बाकीची बिलं त्याच्या मागेपुढे लावा.