सातवी-आठवीच्या पालकसभेत वयात येण्याबद्दल नेमकं काय सांगावं?

खडूफळा

पुढच्या आठवड्यात सातवी-आठवीच्या पालकांची सभा आहे, विषय ‘वयात येताना’. संप्रेरकं कोणती, ग्रंथी कुठे असतात हे पाठ्यपुस्तकात आहे. पालक मात्र त्यातलं काहीच विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न असे: एकाच बाकावरच्या दोन मुलांत वीतभर फरक कसा, बुटक्यात काही दोष आहे का? सहावीतच पाळी आली, आता उंची खुंटणार का, आणि पाळी थांबवायचं इंजेक्शन असतं म्हणे? मुलाच्या छातीत गाठ लागतेय, कुणाला दाखवू? आणि जवळपास सगळ्यांचा एक: रात्री बारापर्यंत जागतो, सकाळी उठत नाही, काही बोललं की अंगावर येतो.

‘वय आहे, होईल ठीक’ हे उत्तर नको. कितपत चालतं आणि डॉक्टरकडे कधी जायचं, हे आकड्यांसह सांगता येईल का?

वाढतक्ता

सर, सभेत सगळ्यात आधी हे सांगा की वर्ग जन्मतारखेवर भरतो, शरीर जन्मतारीख बघून वाढत नाही. मुली ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात कधीही वयात येऊ लागतात, आणि हे सगळं निरोगीच. म्हणजे एका बाकावरच्या दोन धडधाकट मुलांत शरीराच्या हिशोबाने चार वर्षांचं अंतर असू शकतं. ‘बाराव्या वर्षी उंची किती हवी’ हा प्रश्नच त्यामुळे अर्धवट आहे. मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि वर्षाला किती वाढतंय, हे आधी बघायचं.

वयात येण्यापूर्वी मुलं वर्षाला साधारण ५-६ सें.मी. वाढतात. मग झपाटा येतो: मुलींचा साधारण बाराव्या वर्षी, ऐन भरात वर्षाला ८ सें.मी.च्या आसपास, मुलांचा चौदाव्या वर्षी, ९-१० सें.मी. सातवीच्या वर्गफोटोत मुली उंच दिसतात त्या यामुळे. मुलांना दोन वर्षं जास्त मिळतात आणि त्यांचा झपाटाही मोठा असतो, म्हणून शेवटी पुरुष सरासरीने १३ सें.मी. उंच निघतात.

घरी मोजायचं तर नीट मोजा. अनवाणी, अंबाडा-बो सोडून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर पुस्तक भिंतीला काटकोनात धरायचं. नुसती पट्टी ठेवली की ती तिरकी होते आणि एक-दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. वेळ दर खेपेला तीच ठेवा, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका भरतो. दोन मोजण्यांत किमान सहा महिने जाऊ द्या. दर महिन्याला मोजणाऱ्या पालकांना वाढ नाही, स्वतःच्या मोजण्यातली चूक दिसते.

घराण्यातून मिळणाऱ्या उंचीचा अंदाज: आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलासाठी त्यात १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, आणि निम्मे करा. वडील १६८, आई १५४, तर मुलगा १६७.५ आणि मुलगी १५४.५ च्या आसपास. दोन्ही बाजूंना ८ सें.मी. सोडा. आई-वडील दोघे बेताचे असताना सहा फुटी मुलाची अपेक्षा धरली, तर पावडरवाल्यांचं फावतं. लटकण्याने, सायकलने, डब्यातल्या पावडरीने उंची वाढत नाही.

उशिरा वाढणाऱ्या मुलांचं चित्र ओळखीचं असतं. वर्गात बुटका, पण वर्षाला ४-५ सें.मी. वाढतोय, विचारलं की कळतं, वडील अकरावी-बारावीत उंच झाले किंवा आईला पाळी पंधराव्या वर्षी आली. अशा वेळी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. तेरा वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय अकरा निघालं, तर त्याची उंची अकरा वर्षांच्या मुलांशी ताडायची. त्याची वाढ उरलेली आहे.

उलट, वर्षाला ४ सें.मी.पेक्षा कमी वाढ, आधी पुढे असलेलं मूल वाढीच्या तक्त्यावर मागे मागे सरकणं, किंवा आई-वडिलांच्या मानाने फारच कमी उंची, यात थांबू नका. थायरॉइड, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा करणारा आजार), मूत्रपिंड तपासतात. बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोमसाठी (यात एक X गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं) गुणसूत्रांची तपासणीही. तक्ता भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५चा, ५ ते १८ वर्षांसाठीचा वापरा. शाळेच्या आरोग्यपत्रकासोबत त्याची प्रत जोडता येईल.

आता मुलींचा क्रम. आधी स्तनाची कळी (बोंडाखाली हाताला लागणारी छोटी गाठ), मग उंचीचा झपाटा, आणि कळीनंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी. पाळी येते तोवर झपाट्याचा जोर ओसरलेला असतो. त्यानंतर साधारण ५ ते ७ सें.मी. वाढ होते, पाळी लवकर आलेल्यांत थोडी अधिक. पाळीने उंची थांबत नाही, थांबायच्या वाटेवर पाळी येते. हाडांची टोकं बंद करणारं इस्ट्रोजेन त्याआधीपासूनच काम करत असतं (मुलांमध्येही शेवटी तेच करतं). पाळी थांबवायची ती इंजेक्शनं आठव्या वर्षाआधीच वयात येऊ लागलेल्या मुलींसाठी आहेत. अकरा-बाराव्या वर्षी पाळी आल्यावर ती देऊन उंची मिळत नाही, खर्च मात्र होतो.

म्हणून चौथीतल्या उंच मुलीकडेही लक्ष हवं (ती लवकर वयात येत असू शकते), आणि तेच नेमकं होत नाही, कारण उंच मुलीची कुणाला काळजी वाटत नाही. मुलीत ८ आणि मुलात ९ वर्षांआधी बदल दिसले तर दाखवा. मुलीत १३ पर्यंत कळीच नाही, १५ पर्यंत पाळी नाही, मुलात १४ पर्यंत वृषणांची वाढ नाही, तरीही दाखवा. मुलांमधली पहिली खूण वृषणं मोठी होणं ही असते, ती घरात कुणी बघत नाही. सगळे मिसरूड फुटायची वाट बघतात आणि ते बरंच नंतर येतं.

आरोग्यसेविका

गाठीबद्दल. मुलाच्या छातीत बोंडाखाली रुपयासारखी चपटी, दाबली की दुखणारी गाठ लागते. साधारण निम्म्या मुलांमध्ये ती कधी ना कधी येते, बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. नुसती चरबी असेल तर अशी चकती हाताला लागत नाही. डॉक्टरला कधी दाखवायचं: वयात यायच्या इतर खुणा नसताना आली, बोंडापासून बाजूला आणि टणक आहे, बोंडातून पाणी येतंय, दोन वर्षं होऊनही तशीच आहे किंवा वाढतेय. तोवर त्याला इतकंच सांगा की हे अनेकांना होतं. पोहायला न जाणारा, शर्ट न काढणारा मुलगा बहुतेकदा हेच लपवत असतो.

मुलींमध्ये एकाच बाजूला कळी येऊन आई घाबरते. दुसरी काही महिन्यांनी येते. त्या कळीला कुणी सुई घालून तुकडा काढायला सांगितलं, तर आधी बालरोगतज्ज्ञाला विचारा. कळीलाच इजा झाली, तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढत नाही.

पाळी पहिली दोन-तीन वर्षं अनियमित असते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस चालतात. ९० दिवसांपेक्षा जास्त खंड, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भिजतंय, तर तपासा. जास्त रक्तस्रावात हिमोग्लोबिनबरोबर रक्त गोठण्याची तपासणीही करायला सांगा, ती बऱ्याचदा राहून जाते.

हिमोग्लोबिन १२ ते १४ वयात मुलगा-मुलगी दोघांनाही १२ च्या खाली नको. १५ नंतर मुलींना १२, मुलांना १३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५-१९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी निघाले. म्हणजे मुलग्यांनाही सोडू नका. शाळेतली आठवड्याची निळी गोळी ६० मि.ग्रॅ. लोहाची. ती रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, मग पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी खिशात घालतो. जेवणानंतर, शिक्षकांसमोर द्या, आणि शौच काळं होईल हे आधीच सांगा. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको.

मनमोकळं

वरचं सगळं पटलं, पण ‘अंगावर येतो’ याचं खापर सगळे हॉर्मोनवर फोडतात, ते मला अपुरं वाटतं. मेंदूतला बक्षीस, थरार, मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारा भाग लवकर तापतो. थांबून विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. शांत खोलीत चौदा वर्षांचं मूल धोका नीट समजावून सांगतं, आणि तेच चार मित्रांसमोर गाडीवर तिघं बसवतं. त्याला कळत नाही असं नाही, त्या क्षणी आवरता येत नाही. म्हणून उपदेशापेक्षा प्रसंग बदलणं जास्त कामी येतं: गाडीची किल्ली जागेवर नसणं, घरी यायची वेळ आधीच ठरलेली असणं.

उलट उत्तरांमागे आणखी एक गोष्ट असते. अकरा-बाराच्या पुढे ‘असं असतं तर’ असा विचार करता येऊ लागतो. घरातल्या नियमांतली विसंगती त्याला पहिल्यांदाच दिसते आणि ती दाखवायची खाज सुटते. नियमाचं कारण सांगता येत असेल तर सांगा. येत नसेल तर नियम तपासा. पाहुण्यांसमोर मात्र बोलू नका; या वयात सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, तिथे केलेला अपमान विसरला जात नाही.

झोपेचं गणित फळ्यावर मांडा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागतात. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक एक-दोन तास उशिरा स्रवतं, त्यामुळे दहाला आडवं करूनही अकरापर्यंत झोप लागत नाही. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलं की झाले साडेसहा तास. हा आळस नव्हे. शाळेची वेळ आपल्या हातात नसेल तर एवढं करा: रात्री फोन बाहेरच्या खोलीत (सगळ्यांचा, आई-बाबांचासुद्धा), संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नाही, उठल्यावर लगेच उजेडात. रविवारी बारापर्यंत झोपू दिलं की सोमवार आणखी बिघडतो. नेहमीपेक्षा तास-दोन तास उशीर पुरे.

शरीर लवकर वाढलेल्या मुलींबद्दल सभेत मुद्दाम बोला. दिसायला सोळाची, पण वय अकराच. घरचे मोठ्या कामाला जुंपतात, बाहेरचे वाईट नजरेने बघतात, मैत्रिणी चिडवतात. तिच्याशी अकरा वर्षांच्या मुलीसारखंच वागायचं. आणि सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचं बोलणं पाळीची वाट न बघता आधी करायचं.

चिडचिड आणि आजार यातला फरक असा: दोन आठवड्यांहून जास्त उदास, आवडीचा खेळ-मित्र सुटले, जेवण-झोप बिघडली, मार्क अचानक घसरले, तर ती नुसती चिडचिड नव्हे. मरणाची भाषा आली तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने डोक्यात भरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि सरकारी रुग्णालयांतल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशन मिळतं.

मैदान

खेळाचं कुणीच बोललं नाही. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा वयावर असतात, म्हणून चौदाच्या आतल्या संघात लवकर वाढलेलीच पोरं निवडली जातात. उशिरा वाढणारा कसबी मुलगा तिथेच खेळ सोडतो. निवडीच्या वेळी उंचीबरोबर गेल्या वर्षीची वाढही लिहून ठेवा.

झपाट्यात आधी पावलं वाढतात, मग पाय, शेवटी धड. चार महिन्यांत बूट आखूड झाले की झपाटा आला समजा. त्या काळात चेंडू सुटतो, पाय अडखळतो; त्याला ‘ढिला’ म्हणू नका. गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर टेंगूळ येऊन दुखणं आणि टाचेमागे दुखणं हे याच काळातलं. खेळ बंद करायची गरज नसते. उड्या आणि धावणं कमी करा, नंतर बर्फ लावा. पण जाड मूल, ११ ते १५ वय, लंगडतंय, पाऊल बाहेर वळलंय आणि दुखतंय गुडघा, तर त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा आणि तोवर चालवू नका. मांडीच्या हाडाचं डोकं सरकलेलं असू शकतं. गुडघ्याचाच एक्स-रे काढून ‘सगळं ठीक’ म्हणून घरी पाठवल्याने यात उशीर होतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. दोन शंका. आहाराचं काय सांगू? आणि मुला-मुलींचे पालक वेगळे बसवू का?

आरोग्यसेविका

एकत्रच बसवा. मुलाच्या आईलाही मुलीची पाळी कळली पाहिजे आणि मुलीच्या बाबांनाही. खासगी प्रश्नांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव न लिहिता.

आहारात कॅल्शियम आधी, कारण झपाट्याच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांचा जवळजवळ पाव हिस्सा भरला जातो. दिवसाला सुमारे १००० मि.ग्रॅ. लागतं. पाव लिटर दुधात ३००, पन्नास ग्रॅम नाचणीच्या भाकरीत साधारण १७०, चमचाभर तिळाच्या चटणीत १०० च्या आसपास. दोनदा दूध-दही, एक नाचणीची भाकरी आणि चटणी, उरलेलं डाळी-पालेभाज्यांतून. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळायला सांगा. आणि क्लासच्या आधी वडापावऐवजी शेंगदाणे-गूळ आणि केळं डब्यात द्या. सहा वाजता भुकेलेलं मूल रात्री साडेनऊला जेवतं आणि तिथून झोपेचं गणित पुन्हा बिघडतं.

वाढतक्ता

एक राहिलं. मुरुमांसाठी दुकानातून आणलेली ‘गोरं करणारी’ मलमं बंद करायला सांगा. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ, लाल होते आणि मुरुमं दुप्पट. साध्या मुरुमांना २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड रात्री पातळ लावलं तरी चालतं, फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. जुना टॉवेल आणि जुनी उशी वापरा, रंगीत कापडाचा रंग त्याने उडतो.