गोळी पोलिसांची, मग तपासही पोलिसांचाच?

पारोळ्याचा
६ जानेवारी २०१३. धुळ्याच्या मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून भांडण लागलं, दंगल पेटली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले. मग चौकशी आयोग नेमला. आयोग बसेस्तोवर रस्ता झाडून झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच: गोळीने माणूस मेला किंवा कोठडीत दगावला, तर पहिल्या तासापासून तपास पोलिसांबाहेरच्यांकडे द्या. ब्रिटनमध्ये तशी वेगळी यंत्रणा आहे.

खाकीवाल्याचा पोरगा
काय भो, ब्रिटनचा साधा शिपाई बंदूक बाळगत नाही, त्याची बरोबरी आपल्याशी? वडील एसआरपीत होते. एकदा बंदोबस्तावरून पहाटे आले, हेल्मेटची काच फुटलेली. चहासुद्धा न घेता परत गेले, कारण झाडलेल्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या पुंगळ्यांचा हिशोब लागत नव्हता. बाहेरच्याला यातलं काय कळणार? आणि शेवटी अडकतो शिपाईच. हुकूम देणारा साहेब बदली घेऊन मोकळा.

जळगाव कोर्ट
दादा, शेवटची दोन वाक्यं तुम्ही पारोळ्याच्याच बाजूने टाकलीत!
चकमकीतल्या मृत्यूचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय. पण समजा, चोपड्याचा तपास यावलकडे गेला, तरी दोघांचे एसपी एकच की! कोठडीतल्या मृत्यूला न्यायदंडाधिकारी आहेत, मान्य. त्यांच्या हाताखाली तपासाला माणूस कुठे आहे? पंचनामा, स्टेशन डायरी, सीसीटीव्ही फुटेज, सगळं ठाण्यातूनच येणार. फुटेज दीड वर्ष जपा, असा २०२० चा आदेश आहे. मी एका ठाण्यात मागायला गेलो, तर डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, नेमकं दुरुस्तीला.

शहादेकरीण
पोलीस सुधारणांवरच्या सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात पोलीस तक्रार प्राधिकरण जिल्ह्यातही हवं होतं. महाराष्ट्राने ते विभागावरच थांबवलं. म्हणजे आमच्या पाड्यावरच्या बाईने रोज बुडवून नाशिक गाठायचं. तेवढं भाडं कोणाकडे असतं हो?

खाकीवाल्याचा पोरगा
बरं, बाहेरचे येऊ द्या. पण गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, हे आधी लिहून घ्यायचं. वायरलेसचं रेकॉर्डिंगही पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायचं. मग माझी हरकत नाही.

पारोळ्याचा
मंजूर. त्या दोन पुंगळ्या सापडल्या का?

खाकीवाल्याचा पोरगा
एक सापडली. दुसरीपायी वर्षाची वेतनवाढ गेली.