मदत हवी आहे: पिल्लाचे मागचे पाय ताठ झालेत, निओस्पोरा या परजीवीची तपासणी नागपुरात कुठे होते?

आमच्या गल्लीतल्या कुत्रीचं दीड महिन्याचं पिल्लू आधी सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकायचं. आता ते पाय ताठ, सरळ झालेत आणि मांडीचं मांस उतरलंय. ताप नाही, खाणंपिणं छान. शेजारचे काका म्हणतात थंडी लागली, तेल चोळा. नागपूरच्या या उन्हात थंडी कुठली!

डॉक्टरांना निओस्पोराचा संशय आहे. हा परजीवी आईच्या पोटातच पिल्लाला लागतो आणि नसा, मज्जारज्जू, स्नायू धरतो म्हणे. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय, निदान महिनाभर द्यावं लागेल. पाय एकदा आखडले की पूर्ण मोकळे होणं कठीण, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

विचारायचं ते हे: रक्तातली अँटीबॉडी तपासणी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते का, की नमुना बाहेर पाठवावा लागतो? भावंडं सध्या ठणठणीत आहेत, पण त्यांनाही औषध द्या असं डॉक्टर म्हणतात; कोणी दिलंय का? आणि पायांचा व्यायाम घरी कसा घेता? कोणाचं पिल्लू यातून चालायला लागलं असेल तर जरूर सांगा.