ई८५ (भरपूर इथेनॉल असलेलं पेट्रोल) घरी साठवायचं आहे: ड्रम, डबे की पंपावरचं?

मिशिगन_टर्बो: दोन लिटरची टर्बो गाडी, ट्यून ई८५ वर, फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) नाही. जवळचा ई८५ पंप ४० मैलांवर. गॅरेज घराला लागून, आत गॅसचा वॉटर हीटर. सीझनसाठी ५४ गॅलनचा रेस फ्युएलचा ड्रम घ्यावा की ५ गॅलनचे डबे? पंपावरचं आणून ठेवलं तर चालेल का?

इंजेक्टर१०००: सेन्सर नसताना पंपावरचं डोळे झाकून भरू नका. नाव ई८५, पण एएसटीएम डी५७९८ या अमेरिकी मानकाप्रमाणे इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं. थंडीत इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून मुद्दाम कमी ठेवतात, आणि तुमच्याकडे थंडी काही कमी नाही. ई८५ ला हवा-इंधन प्रमाण सुमारे ९.८ लागतं, ई१० ला (दहा टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोल) १४.१. टाकीत ई६० (साठ टक्के इथेनॉल) आलं तर गाडी रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इंधनावर, चालेल ते सोडा, पण ठिणगीचं टायमिंग जास्त ऑक्टेन धरून लावलेलं असतं, त्यामुळे भर बूस्टमध्ये (टर्बोचा पूर्ण दाब असताना) नॉक, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, होऊ शकतो. सीलबंद रेस फ्युएल (व्हीपीचं सी८५, सुनोकोचं ई८५-आर) दर डब्याला तेच देतं. जास्तीचे पैसे त्याचेच.

पाचवा_गिअर: अर्धं मान्य. ईसीयू (इंजिनचा संगणक) घेत असेल तर आधी सेन्सर लावा आणि फ्लेक्स ट्यून (इथेनॉलच्या प्रमाणाप्रमाणे बदलणारं) करून घ्या. नेहमीचा जीएम पद्धतीचा सेन्सर ५० हर्ट्झला शून्य टक्के आणि १५० ला शंभर टक्के दाखवतो. आकडा १५० च्या वर गेला तर पाणी किंवा भेसळीचा संशय घ्या. सेन्सर लागला की डब्यांची गरज ट्रॅकच्या दिवसापुरतीच.

ज्वाळा_दिसत_नाही: ड्रम विसरा. एनएफपीए ३० या अमेरिकी अग्निसुरक्षा नियमावलीत अशा घरात ज्वलनशील द्रवाची मर्यादा २५ गॅलन आहे, म्हणजे पाच डबे, आणि गवत कापायच्या मशीनचं पेट्रोलही त्यातच मोजायचं. काही गावांत मर्यादा याहून कमी असते. स्थानिक फायर मार्शलला विचारा, विमा कंपनीलाही. वॉटर हीटर असलेल्या गॅरेजमध्ये मात्र एकही डबा नको. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत बर्नरपर्यंत जाते. बाहेरची, सावलीतली, हवा खेळती असलेली शेड बघा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेट्रोलच्या बंद डब्यात वरची वाफ सहसा इतकी दाट असते की ती पेटत नाही. इथेनॉलची वाफ ३.३ ते १९ टक्क्यांत पेटते, आणि साध्या खोलीच्या तापमानाला डब्यातली मोकळी जागा नेमकी त्याच पट्ट्यात येते. ई८५ चं थंडीत तसंच होतं. म्हणून ‘रिकामा’ डबा भरलेल्यापेक्षा सुरक्षित समजू नका. आगीची ज्वाळाही उजेडात फिकी असते, शुद्ध इथेनॉलची तर दिसतच नाही म्हणा ना. एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. साधा फोम अल्कोहोलवर विरघळून जातो.

मिशिगन_टर्बो: ड्रम रद्द. ट्रॅकवर सगळ्यांकडे असतात ते चौकोनी पांढरे प्लास्टिकचे जग चालतील का?

इंजेक्टर१०००: ते ओतण्यापुरते. साठवायला मान्यताप्राप्त एचडीपीई प्लास्टिकचे इंधनाचे कॅन, वर मोठ्या अक्षरात ‘ई८५’. जस्ताचा मुलामा, पितळ आणि उघडं ॲल्युमिनियम टाळा, गंज आणि पांढरट चिखल इंजेक्टरात जातो. हातपंप घेताना सील व्हायटन किंवा टेफ्लॉनचे आहेत का बघा. पंपावर कॅन भरताना तो जमिनीवर ठेवून भरा, पिकअपच्या प्लास्टिकच्या लायनरवर नाही, स्थिर विजेची ठिणगी पडते. वर पाचेक टक्के जागा फुगण्यासाठी सोडा. उघडलेला डबा लवकर संपवा, कारण हलके घटक उडून गेले की थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास होतो.

परीक्षानळी: प्रत्येक खेपेला मोजा. १०० मिलीच्या नळीत १० मिली पाणी, ९० मिली इंधन. बूच लावून हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर ८४ वर आला तर ८४ वजा १० म्हणजे ७४. ७४ भागिले ९०, साधारण ८२ टक्के. आकडा किंचित कमीच येतो, कारण पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर आकारमान घटतं. मात्र जुन्या डब्यावर ही चाचणी फसवते. हवेतून शोषलेलं पाणीही इथेनॉल म्हणून मोजलं जातं, आणि ई८५ बरंच पाणी पोटात ठेवत असल्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. नवा डबा आणल्याच्या दिवशीचा आकडा तारखेसह डब्यावर लिहून ठेवा. नंतरचा त्याहून जास्त आला तर तो डबा गाडीत ओतू नका.

पाचवा_गिअर: आणि हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड अल्कोहोल स्वस्त वाटलं तरी घेऊ नका, त्यात बऱ्याचदा मिथेनॉल भरपूर असतं. ऑक्टोबरात गाडी उभी करण्याआधी टाकी संपवून ई१० भरा. पण ते ई८५ च्या मॅपवर (ईसीयूतल्या सेटिंगवर) चालवू नका, आधी पेट्रोलचा मॅप चढवा. मग बूस्ट न देता २० मिनिटं चालवा, म्हणजे इंधनाची रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) आणि इंजेक्टर धुतले जातील.